दोन वर्षं उभा असलेला पेशंट

"मोटरसायकल म्हणजे दुसरं काय, एक तोंडच तर आहे," असं दातांच्या डॉक्टरांनी बुधवारी जेवताना जाहीर केलं. "हवा आत घ्यायची, पेट्रोल गिळायचं. तीस वर्षं मी तोंडंच दुरुस्त करतोय. रविवारी पाच वाजेपर्यंत गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली नाही, तर खुशाल तुझ्या भावाला देऊन टाक!"

बायकोने जेवण अर्धवट ठेवून भावाला फोन लावला. डॉक्टरांना पहिला राग आला तो इथे. बोलण्याच्या भरात माणूस काहीही बोलतो. त्यावर घरच्यांनी लगेच टेम्पो ठरवायचा असतो का?

पण बायकोचीही बाजू होती. खाली दवाखाना, वर घर, आणि मधल्या बोळात चादर पांघरून ही मोटरसायकल दोन वर्षं उभी होती. पिशव्या घेऊन जिन्याकडे वळलं की हँडल पोटात घुसायचं. मेव्हण्याचा तर या गाडीवर लग्नाच्या दिवसापासून डोळा होता. घरी आला की आधी गाडीवरून हात फिरवायचा, मग बहिणीची चौकशी करायचा.

डॉक्टरांनी ती गाडी प्रॅक्टिस सुरू केली त्या वर्षी घेतली होती. तेव्हा स्वतःचा दवाखाना नव्हता. तीन गावांत तीन दवाखान्यांत ते वार लावून जायचे, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढत, आणि मोठ्याने गाणी म्हणत. ही गाडी गेली तर आपण एका खुर्चीभोवती फिरणारा माणूस तेवढे उरू, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे बायकोला सांगायचं सोडून त्यांनी पैज लावली.

शनिवारी दुपारी कामाला सुरुवात झाली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येत होता. नवीन भरलं. बाविसाव्या किकला गाडी सुरू झाली, पण अॅक्सिलरेटर पिळला की गचके देऊन बंद. डॉक्टरांनी निदान केलं: कार्बुरेटर तुंबलाय. निदान अगदी बरोबर होतं, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं.

कार्बुरेटर काढल्यावर दोन्हीकडची तोंडं उघडी पडली, एक इंजिनाचं आणि एक हवा येते त्या रबरी नळीचं. उघड्या तोंडात काही पडू नये म्हणून डॉक्टरांनी सवयीने दोन्हींत कापसाची एकेक गुंडाळी दाबून बसवली. मग रूट कॅनालच्या बारीक सुयांनी त्यांनी कार्बुरेटरची भोकं कोरली आणि हत्यारं धुवायच्या यंत्रात तो थरथरत ठेवला. खुर्चीत भूल चढायची वाट बघत बसलेल्या गृहस्थांनी यंत्रातून निघालेला तो काळा गोळा पाहिला आणि आपण पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले.

दवाखान्यात गुंडाळ्यांचा हिशोब मदतनीस बाई ठेवायच्या. किती घातल्या, किती काढल्या, हे मोठ्याने म्हटल्याशिवाय त्या पेशंटला तोंड मिटू देत नसत. संध्याकाळी निघताना त्या म्हणाल्या, की डब्यातल्या दोन कमी दिसतात.

"त्या गाडीसाठी नेल्या," डॉक्टर चिडून म्हणाले. "गाडी काय गिळणार आहे?"

रविवारी बाईंना सुट्टी असते. डॉक्टरांनी सकाळी इंजिनाच्या तोंडातली गुंडाळी काढली, कार्बुरेटर बसवला, सगळे स्क्रू पुसून आवळले आणि किक मारली. गाडी सुरू झाली, खोकली आणि काळाकुट्ट धूर सोडून बंद पडली. आदल्या दिवशी नुसती आजारी होती, आज शेवटच्या घटका मोजत होती. जिन्यावर वाळत घातलेल्या चादरींवर काजळी बसली. बायकोने वरून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. तिने निदान ओरडायला हवं होतं, असं डॉक्टरांना वाटलं.

प्लग काढून पाहिला तर कोळसा. नवीन घातला, दहा मिनिटांत त्याचाही कोळसा. आता डॉक्टरांची खात्रीच पटली की पेट्रोलमध्ये भेसळ आहे. बाटलीत नमुना घेऊन ते भर उन्हात पंपावर चालत गेले आणि लोकांच्या विश्वासाशी खेळणं म्हणजे काय, यावर तिथल्या माणसाला त्यांनी पाच मिनिटं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि सकाळपासून याच टाकीतून भरून गेलेल्या गाड्यांपैकी एकही अजून परत आली नाही, एवढंच सांगितलं. डॉक्टर दुप्पट संतापून घरी आले. येतात तोच मेव्हण्याचा फोन: दोर आहे का घरी, की मीच आणू?

साडेतीनला त्यांनी हार मानली आणि मेकॅनिकला बोलावलं. हाच मेकॅनिक मागच्या महिन्यात डॉक्टरांच्या खुर्चीत होता. दोन वर्षं दुखणारी दाढ घेऊन आला होता आणि डॉक्टरांनी त्याला फैलावर घेतलं होतं. तोंडात आरसा असल्यामुळे त्याला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं.

तो आला. गाडीला हात न लावता तिच्याभोवती एक फेरी मारली.

"कधीपासून त्रास आहे?"

"दोन वर्षं उभी होती."

"दोन वर्षं," मेकॅनिक म्हणाला. "आणि आज आठवण झाली. त्रास वाढल्याशिवाय आमच्याकडे कोणी येतच नाही, डॉक्टर. घरच्या घरी काही करून पाहिलं का?"

"थोडंसं."

"तिथेच वाटोळं होतं."

एकेक वाक्य डॉक्टरांच्या ओळखीचं होतं. आपलीच वाक्यं ऐकायला इतकी उर्मट वाटतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण घड्याळात सव्वाचार झाले होते, तेव्हा त्यांनी अपमान गिळला.

मेकॅनिकने एक किक मारली, धुराकडे पाहिलं आणि सांगितलं की पेट्रोल भरपूर मिळतंय, हवा मिळत नाही. कार्बुरेटर सोडवून त्याने रबरी नळीत टॉर्च मारला. बराच वेळ आत बघत राहिला. मग म्हणाला, "चिमटा आहे का तुमचा?"

एवढ्यात टेम्पो लागला. मेव्हणा दोर घेऊन उतरला. शेजारचे दोघे नुसतेच उभे होते, त्यातल्या एकाचा मंगळवारी डॉक्टरांकडे नंबर होता. बायकोही खाली आली. सगळ्यांच्या देखत मेकॅनिकने डॉक्टरांचाच चिमटा नळीत घातला, हलकेच फिरवला आणि पेट्रोलने फुगलेली गुंडाळी सावकाश बाहेर ओढून डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली.

"ही आत कशाला घातली?"

डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. पंपवाला नव्हता, मदतनीस बाई नव्हत्या. दोन दिवस साठवलेला संताप आता कोणावर काढायचा, तेच कळेना.

"धूळ जाऊ नये म्हणून."

"नाही गेली," मेकॅनिक म्हणाला.

मंगळवारचा पेशंट आपल्या गालाला हात लावून घरी गेला. नंतरचं काम दहा मिनिटांचं होतं. पाचला आठ कमी असताना गाडी एका किकला सुरू झाली, आणि असा गोल, भरदार आवाज काढू लागली की मेव्हण्याने दोर खाली ठेवला. डॉक्टर बसले. कोपऱ्यापर्यंत गेले, वळले, परत आले. डोळ्यांत पाणी होतं. वारा कमी होता, तरी ते वाऱ्याचंच आहे असं त्यांनी सांगितलं. बायकोने शब्द पाळला. गाडी राहील म्हणाली, आणि चादरी पुन्हा धुवायला घेऊन गेली.

मेव्हणा मात्र जायला तयार होईना. टेम्पोला टेकून त्याने विचारलं, "पण भाऊजी, तुम्ही हिच्यावरून जाणार कुठे?"

"कामावर!" डॉक्टर गरजले. "आणखी कुठे?"

सोमवारी सकाळी नऊला डॉक्टर हेल्मेट घालून, बॅग अडकवून जिना उतरले. गाडी बोळातून बाहेर काढली, किक मारली, कोपऱ्यावरून वळले, बाजारामागच्या रस्त्याने पूर्ण वळसा घातला आणि बारा मिनिटांनी बोळात येऊन दवाखान्याच्या दारात गाडी लावली. मदतनीस बाई कुलूप काढून उभ्या होत्या.

"आज उशीर झाला," त्या म्हणाल्या. "कुठून आलात?"

डॉक्टरांनी हेल्मेट काढलं, केस सारखे केले आणि आवाजात जमेल तेवढा रुबाब आणून म्हणाले, "वरून."