लेस्टरचा घरमालक

दर रविवारी दुपारी सुमितचा इंग्लंडहून फोन यायचा आणि यशवंतरावांचं बोलणं पहिल्या दोन वाक्यांतच संपायचं. "जेवलास का?" विचारून झालं, "थंडी हाय का?" विचारून झालं, की बापलेक पडद्यावर एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचे. बायको, शालन, होती तेव्हा तीच बोलायची. हे तिच्या मागं उभे राहून मान डोलवायचे. ती गेल्यापासून मान डोलवायचंही काम उरलं नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी मात्र फोन लांबला.

"बाबा, मालक घर सोडा म्हणतोय," सुमित म्हणाला. तो लेस्टरला भाड्याच्या घरात राहायचा. "एक मेपासून इथं नवा कायदा लागू होतोय. कारण दिल्याशिवाय भाडेकरूला काढता येणार नाही. म्हणून कितीतरी मालक त्याच्या आधीच घरं रिकामी करून घ्यायलेत. दुसरं घर मिळंना. नाहीच मिळालं तर सरळ घरी येतो बघा."

शेवटचं वाक्य तो वैतागून बोलला होता. यशवंतरावांनी तेवढंच नीट ऐकलं.

कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात हयात गेलेला हा माणूस त्या दिवसापासून इंग्लंडच्या घरभाड्याचा अभ्यास करू लागला. निवृत्तीनंतर ते सोलापुरात राहायचे, आणि तिथल्या उन्हात बाहेर पडायची सोय नव्हतीच. पंख्याखाली बसून ते मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. इंग्रजी निम्मं कळायचं. उरलेलं सुमितला विचारायला मधल्या वारीही फोन करता यायचा. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येणार, भाडेकरूनं मांजर पाळायची परवानगी मागितली तर मालकाला उगाच नाही म्हणता येणार नाही, असं पुष्कळ ज्ञान साठलं. ते सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता.

त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर रफीक आणि त्याची बायको कमरबी भाड्यानं राहायचे. रफीक टेम्पो चालवायचा. तो जिना उतरताना यशवंतरावांनी त्याला गाठलं.

"रफीक, कायदा यायच्या आत मालक लोक घरं रिकामी करून घ्यायलेत बघ."

"असं व्हय काका?"

"मग. नंतर काढता येत न्हाय म्हटल्यावर आत्ताच काढणार की."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "आजकाल दुसरं घर मिळणं लई अवघड झालंय. आधीपासनं बघितलेलं बरं." त्याच्या दुसऱ्या दिवशी मांजरांचा विषय निघाला. "मांजर असलं की लई मालकांना चालत न्हाय," असं ते म्हणाले तेव्हा कमरबीचं मांजर पायरीवरच बसलं होतं. संध्याकाळी ते वळसंगला तिच्या बहिणीकडं गेलं.

या सगळ्यात लेस्टरचं नाव घ्यायचं राहून गेलं. यशवंतरावांच्या डोक्यात दिवसभर लेस्टरच असायचं. ते वेगळं सांगावं लागतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

रफीक भला माणूस. काकांना तोंडावर सांगायला जड जातंय, असं समजून तो गुपचूप घर शोधायला लागला. इकडं यशवंतरावांनी सुमितसाठी पुढच्या खोलीला रंग दिला आणि गाद्या उन्हात टाकल्या. समोरच्या चन्नम्मानं रफीकची शोधाशोध आणि खोलीचा रंग, दोन्ही गोष्टी पाहिल्या आणि त्यांची बेरीज केली: काका घर विकून पोराकडं निघाले.

सकाळी दूध आलं नाही. यशवंतरावांनी गवळ्याला, शहाजीला, फोन लावला.

"तुमी लंडनला जायलाय म्हणून तुमचं दूध दुसरीकडं लावलं की काका."

"मी कुटंबी जात न्हाय."

"बरं बरं. न्हाय सांगत कुणाला," शहाजी म्हणाला.

बुद्धविहारातल्या मंडळींनी निरोपाला कुठला वार सोयीचा पडेल, असं विचारलं. यशवंतराव जितकं नाही म्हणायचे तितकी लोकांची खात्री पटायची. वरून सामान बांधल्याचे आवाज येत होते. ते ऐकून त्यांना वाईट वाटलं, पण जाणाऱ्याला अडवून काय विचारायचं, म्हणून ते जिना चढले नाहीत.

मेच्या पहिल्या रविवारी सुमितचा फोन आला. चेहरा उजळलेला होता.

"मिटलं बाबा. मालकानं सगळं तोंडीच सांगितलं होतं. लेखी नोटीस एक मेच्या आत द्यायची राहूनच गेली. आता कारण असल्याशिवाय काढता येत नाही त्याला."

"म्हंजे येत न्हाईस."

"कुठं?"

"काय न्हाय. चांगलं झालं म्हटलं. जेवलास का?"

फोन ठेवला तोच जिन्यात धाडकन आवाज झाला. बाहेर येऊन बघतात तो वळणावर पलंग आडवा अडकलेला, आणि त्याच्या पलीकडं रफीक घामाघूम.

"हे काय, आजच निघालास? झालं तरी काय?"

"घर सोडायलोय काका. तुमी एवढं समजावून सांगितलं की, मालक लोक रिकामी करून घ्यायलेत म्हणून."

"अरे, ते लेस्टरचे मालक. सुमितचा मालक."

रफीक पलंगाच्या कडेवर बसला. वरून कमरबीचा शांत आवाज आला, "मी म्हणत होते, काकांना सरळ विचारा."

पलंग खाली येईना आणि वर जाईना. कमरबीनं त्याच्यावरूनच चहाचे कप दिले. यशवंतराव दुसऱ्या कडेवर टेकले. एक घोट घेऊन रफीकनं विचारलं, "मग सुमितचं काय झालं शेवटी?"

इतक्या दिवसांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. यशवंतरावांनी सगळं सांगितलं, अगदी पहिल्या फोनपासून. शेवटी म्हणाले, "आता त्याला तितनं कुणी हलवू शकत न्हाय."

"लई चांगला कायदा हाय की काका."

"व्हय," यशवंतराव म्हणाले. "चांगला हाय."

रफीक पलंगाला हात घालायला उठला. "बस रे," ते म्हणाले, "चहा तर संपव."

त्यांचा स्वतःचा कप मघाशीच रिकामा झाला होता.