काहीच न लिहिता दाबलेला टॅब

संस्थेची प्रतिष्ठा तिच्यातल्या नावांच्या लांबीवर ठरते. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं ॲप बनवणारी आमची कंपनी या बाबतीत अत्यंत प्रतिष्ठित आहे. ॲपमधला प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या प्रतीवर करतात. तिला शाखा म्हणतात. अशा १,४१२ शाखा आहेत (वापरात नऊ). नियमानुसार प्रत्येकीच्या नावाची पहिली एकतीस अक्षरं सारखी.

टॅबची कळ दाबली की कॉम्प्युटर अर्धवट नाव पूर्ण करतो. आमचा कॉम्प्युटर एकतीस अक्षरं लिहून थांबे आणि सगळी यादी समोर ओते. आमच्या प्रोग्रामर बाई दिवसातून साठदा ती चाळत. अखेर मनगटाला पट्टा बांधून त्या साहेबांकडे गेल्या.

"नावं छोटी करू या का?"

"नावांत शिस्त आहे, बाई. टॅबला हुशार करा."

तीन आठवड्यांत त्यांनी केला. नावातली मधली अक्षरं लिहिली तरी चालू लागलं, ताजी शाखा वर येऊ लागली, मनगटाचा पट्टा सुटला. साहेब खूश झाले, त्यामुळे त्यांना आणखी एक सुधारणा सुचली: काहीच न लिहिता टॅब दाबला तरी नाव यावं.

"अहो, मग कोणी वाचणारच नाही!"

"वाचत बसायचं तर टॅब कशाला?"

मंगळवारी सकाळी नवी आवृत्ती सोडणाऱ्या दादांनी टॅब दाबला, एंटर दाबला. टॅबने सर्वांत ताजी शाखा दिली: बाईंची कच्ची. 'मान्य'चं बटण चालतं का हे बघायला बाईंनी तिच्यात गमतीने एक वाक्य टाकलं होतं. ते १,९०० रुग्णांच्या फोनवर झळकलं: "आपण पूर्ण बरे झाला आहात. मान्य?"

१,८९६ जणांनी 'मान्य' दाबलं. चौघांनी तक्रार केली (एकाने चुकून).

बाईंनी ते चाळीस मिनिटांत काढलं. मग दादांना शेजारी बसवून आठवडाभर एकेकाला फोन केले. एक आजी म्हणाल्या, "अगं, मी गोळ्या बंद केल्या ना!"

बाई म्हणाल्या, "आजी, आत्ताच्या आत्ता सुरू करा. चूक आमची आहे."

चौकशी समितीने ४४ पानी अहवाल दिला: टॅब निर्दोष, दादा निर्दोष, रुग्ण बरे होण्याचं प्रमाण विक्रमी. साहेबांनी थेट शेवटच्या पानावर सही केली. बाईंनी कुणाला न विचारता रिकामा टॅब बंद केला. गैरसोय होते म्हणून अकरा अर्ज आले.

काही फोन अजून लागलेले नाहीत. त्यांत आपलाही नंबर आहे. त्या मंगळवारी सकाळी नऊ चौदाला आपण 'मान्य' दाबलंत. काय मान्य केलंत, आठवतंय?