ताटली दाखवा, आत या

खजिनदारांची सायकल दिवसाढवळ्या, फाटकातून, पहारेकऱ्याच्या सलामासकट चोरीला गेली. सोसायटीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत, आणि मामा येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सलाम ठोकत. चोरालाही त्यांनी ठोकला, वर फाटक उघडून धरलं. "कुणाचा तरी भाचा वाटला," हा त्यांचा खुलासा सभेने एकमताने फेटाळला आणि मामांना घरी पाठवलं.

मग सर उभे राहिले. सर म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून ऐकायला कुणी सापडत नाही म्हणून झुरणारे. आज अख्खी सोसायटी तावडीत सापडली होती.

"शरीरात चोर शिरत नाहीत का?" सरांनी विचारलं. "शिरतात. पण पकडले जातात, कारण पांढऱ्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. कुलूप म्हणा हवं तर. पहाऱ्यावरच्या एकेका पेशीच्या कुलपात एकाच आकाराची किल्ली बसते. बसली, की ती पेशी बोंब मारते. आपल्या मामांच्या कुलपात कुठलीही किल्ली बसत होती!"

"असे पहारेकरी किती लागतील?" खजिनदारांनी धास्तावून विचारलं.

"शरीरात अब्जावधी असतात."

"आपण तिघे ठेवू."

शास्त्र तिघांवर बसवण्यात आलं. एकाने फक्त मोठ्या बॅगा ओळखायच्या, दुसऱ्याने फक्त टोप्या, तिसऱ्याने फक्त शीळ घालणारे. टोपीवाल्यासमोरून कुणी कपाट उचलून नेलं तरी त्याने हूं की चूं करायचं नाही. कपाट त्याच्या रिसेप्टरमध्ये बसत नाही.

निवडही शास्त्रशुद्ध झाली. छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकाऊ पेशींची परीक्षा होते, आणि जी आपल्याच पेशींवर धावून जाते ती बाद होते. त्याप्रमाणे उमेदवारांना रहिवाशांचे फोटो दाखवण्यात आले. खजिनदारांचा फोटो पाहताच एक उमेदवार "धरा त्याला!" म्हणून ओरडला. तो बाद झाला, याची काही सभासदांना अजून हळहळ वाटते.

यावर कळस चढवला ताटलीने. आपल्या आत काय शिजतंय त्याचे बारीक तुकडे पेशी बाहेर टांगून ठेवते. पहाऱ्यावरची पेशी ते चाचपते आणि नेहमीचं वाटलं तर पुढे जाते. म्हणून ठराव झाला: प्रत्येकाने दाराबाहेर ताटलीत घरातल्या गोष्टींचा नमुना ठेवायचा, बाहेर जाताना ताटली बरोबर न्यायची आणि येताना फाटकावर दाखवायची.

पहिल्या दिवशी ताटल्यांत बटाट्याची सालं, फाटके मोजे आणि गुडघेदुखीच्या मलमाच्या नळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वकिलीणबाईंनी परदेशी चॉकलेटचा सोनेरी कागद ठेवला. समोरच्यांनी लगेच व्यायामशाळेची पावती ठेवली. मग जाडजूड इंग्रजी कादंबरीची पानं आली, ऑलिव्ह तेलाची बुचं आली, आणि बघता बघता सगळा जिना लखलखू लागला.

"अहो, मी ठेवलेली सालं कुठे गेली?" सरांच्या बायकोने विचारलं. "आणि ही बदामाची टरफलं कुणाची?"

"अध्यक्षाची ताटली आहे ती. जरा वजन नको?"

"तुमच्या बदामांचं वजन मला ठाऊक आहे. ते राहू दे. उद्या वन्सं येतायत. त्या भांडणानंतर पहिल्यांदाच तुमच्या बहिणीने पाऊल उचललंय. या वेळी त्या दारातून परत गेल्या, तर मीही त्यांच्याबरोबर जाईन. सांगून ठेवते."

"अगं, व्यवस्था माझी आहे!" सर म्हणाले.

ताई आल्या त्या भल्यामोठ्या बॅगेसह. बॅगवाल्याच्या कुलपात किल्ली खाडकन बसली. त्याने बोंब मारली, टोपीवाल्याने फाटक लावलं, शीळवाल्याने शिस्तीत पाण्याचा पंपही बंद केला. सर होते तसे, भोकं पडलेल्या बनियनवर धावत खाली आले आणि फाटकातल्या छोट्या दारातून बहिणीकडे बाहेर पडले. ते दारही मागून बंद झालं.

"ताटली?" बॅगवाला ताईंना म्हणाला.

"ही घे माझी ताटली," ताईंनी बॅगच उघडली. औषधांच्या पट्ट्या, कवळीची डबी, विरलेली शाल, अर्धा उरलेला पाव.

बॅगवाला दचकून मागे सरला. "आजी, असलं काही या सोसायटीत कुठल्याच घरात नसतं. तुम्ही बाहेरच्या."

"अरे, मी अध्यक्ष आहे!" सर ओरडले.

"फोटोतले अध्यक्ष कोटात होते, त्यांच्या घरी बदाम असतात. तुमच्या बनियनला भोकं आहेत."

"बाब्या, हा काय म्हणतोय रे?" ताईंनी विचारलं.

"बघा, यांचं नावही बाब्या आहे," बॅगवाला टोपीवाल्याला म्हणाला.

गॅलऱ्या भरल्या होत्या. कुणीही एकाने वरून "ते आपले सर" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या घटकेला सगळ्यांच्याच अंगावर घरातले कपडे होते. वाकून ओरडावं, तर पहारेकरी वर बघणार. एकेक जण हळूच आत सरकला.

इतक्यात एक तरुण आला. डोक्यावर टोपी नाही, हातात बॅग नाही, तोंडात शीळ नाही. ताटलीत मात्र सोनेरी कागद. तिघांनी त्याला कडक सलाम ठोकला. थोड्या वेळाने तो बगलेत हवा भरायचा पंप मारून बाहेर आला. सायकल नेताना तेवढा राहून गेला होता. ताटलीतला कागद झटकून तो निघून गेला.

त्याच्यासाठी उघडलेल्या फाटकातून सरांची बायकोही बाहेर आली. हातात पिशवी होती. "वन्सं, चला."

सरांच्या पायाशी तो सोनेरी कागद पडला होता. त्यांनी झडप घालून उचलला. "ताई, हा धर! दाखव आणि आत चल!"

"भावाच्या घरी मी चॉकलेटचा कागद दाखवून येऊ?" ताईंनी बॅग उचलली. नणंद-भावजय कोपऱ्यावरून वळल्या, मागे न बघता.

सरांनी कागद बोटांनी सारखा केला आणि पुढे धरला. तिघांनी सलाम ठोकला.

पुढच्या सभेत अध्यक्षांचं अभिनंदन झालं. नवी व्यवस्था आल्यापासून एकही परका माणूस आत शिरलेला नाही, अशी नोंद झाली. सर टाळ्या वाजत असताना खाली बघत होते.

तुम्हाला हसू येतंय. येऊ द्या. आज सकाळी फोनवर घराचा जो फोटो टाकलात, त्यातली बटाट्याची सालं कुणी बाजूला सरकवली होती, तेवढं मात्र आठवून बघा.