आहे का कोणी घरात?

"ए ए ए! भिंतीतून कुठे शिरतोस मेल्या? भूत आहेस का? दार दिलंय ना तिकडे!"

माहुलीच्या माथ्यावर ही आरोळी अशी घुमली की समोरच्या सुळक्यावरची दोन माकडं एकमेकांना घट्ट धरून बसली. मी एक पाय आत, एक पाय बाहेर असा जागच्या जागी थिजलो. आता 'आत' आणि 'बाहेर' म्हणजे काय तेही सांगायला हवं. भिंत म्हणून जी काही होती, ती माझ्या घोट्यापर्यंत येणारी दगडांची रांग होती. अलीकडे गवत, पलीकडे तेच गवत. छप्पर नाही, खिडकी नाही, वर थेट आभाळ. आणि दार? दार म्हणजे पार तिकडे, वळसा घालून गेल्यावर लागणारा एक झिजलेला दगडी उंबरठा. त्याच्या दोन्ही बाजूंना काहीही नाही. चरायला आलेल्या म्हशीनेही त्याला दार मानलं नसतं.

"काका, इथूनच येतो ना. सगळं उघडंच आहे."

"उघडं असलं म्हणून? शेजाऱ्याची खिडकी उघडी असली तर खिडकीतून जातोस त्याच्याकडे? दार म्हणजे दार!"

मी वळसा घातला. नव्वद किलोचा माणूस पहाटेपासून चढत असेल तर जसा घालेल तसा. वाटेत माझ्या धापांच्या आवाजाने रानातली पाखरं आधीच उडून गेली होती, ती आता कुठे परत बसत होती. उंबरठ्याशी केळुसकरकाका उभे होते. सत्तरी उलटलेली, अंग खारकेसारखं सुकलेलं, डोक्याला माकडटोपी. त्यांनी बूट काढले, जोडीने नीट लावले. मलाही काढायला लावले. मग घसा खाकरून त्या चौकोनी गवताला खणखणीत हाक मारली.

"आहे का कोणी घरात?"

आणि थांबले. स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर यायला एखाद्या बाईला जेवढा वेळ लागेल तेवढे थांबले. कोणी आलं नाही. मग उजवा पाय पुढे टाकून, कपाळ चौकटीला लागू नये म्हणून किंचित वाकून, ते आत गेले. चौकट पडून दोन-तीनशे वर्षं झाली असतील. काका वाकले.

हा माणूस वेडा नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पहिल्या भेटीत सगळ्यांचा तोच समज होतो. केळुसकरकाका वीज कंपनीतले निवृत्त मीटर रीडर. विठ्ठलवाडीच्या बोळांपासून कल्याणच्या जुन्या पेठेपर्यंत एक दार असं नाही, जिथे हा माणूस जाऊन उभा राहिलेला नाही. आयुष्यभर एकच काम केलं. दारात उभं राहायचं, हाक मारायची, आत जायचं, आकडा टिपायचा, निघायचं. निवृत्तीनंतर ही दारं संपली आणि काका किल्ल्यांकडे वळले.

आणि किल्ल्यावर गेलेला मीटर रीडर काय बघतो? तट बघत नाही, बुरूज बघत नाही. एखाद्या कमानीखाली उभा राहतो, टॉर्च मारतो आणि म्हणतो, "मीटर इथे बसला असता. ओल नाही, हात पोचतो, बाईमाणसांना अडचण नाही." गोरखगडाच्या कोरीव गुहेत तर काका अर्धा तास हिशेब करत होते. शेवटी निकाल दिला, "सिंगल फेजवर भागलं नसतं यांचं. पिठाची गिरणी असणार. थ्री फेजच." शेजारी एक गाईड पोरांना लढाई सांगत होता. लढाई सोडून पोरं काकांभोवती गोळा झाली. गाईडला राग आला, पण नंतर त्यानेच हळूच येऊन विचारलं, "काका, माझं बिल एवढं का येतं हो?"

रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही, हा काकांचा दुसरा नियम. प्रत्येक गडावर बिस्किटांचा पुडा न्यायचे. उंबरठा ओलांडला की पुडा एका दगडावर ठेवायचे, जरा वेळ बसायचे, मग "बघ, यजमान फारच आग्रह करतायत" असं म्हणून स्वतःच फोडायचे. मलंगगडाच्या वाटेवर एका माकडाने तो पुडा हातातून हिसकावून नेला. मी दगड उचलला, तर काकांनी माझा हात धरला. "राहू दे. घरमालक दिसतोय."

आणि भिंतींवर नावं कोरणारी पोरं दिसली की काका आरडाओरडा करत नसत. एकदा माहुलीवरच एक रंगेल गडी खिळ्याने कुठल्याशा पूजाचं नाव कोरत होता. काका त्याच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसले.

"पत्ता सांग रे तुझा."

"कशाला, अंकल?"

"रविवारी येतो. तुमच्या हॉलमध्ये माझ्या बायकोचं नाव कोरतो. टीव्हीच्या वर चालेल? आईला सांगून ठेव, दुपारच्या जेवणाला थांबेन."

पोराने खिळा काकांच्या हातात दिला आणि जो पळाला, तो बहुधा खाली आसनगावातच थांबला असेल.

आता तुम्ही विचाराल की माझ्यासारखा माणूस, ज्याला डोंबिवली स्टेशनचा पूल ओलांडताना मध्ये दोनदा बसावं लागतं, तो या गडांवर काय करत होता? सांगतो. मी होतो आमच्या नवदीप सोसायटीचा सेक्रेटरी.

आमची बिल्डिंग तीन मजली. अवस्था अशी की वरच्या मजल्यावर कोणी शिंकलं तर खालच्याच्या आमटीत प्लास्टर पडायचं. शेवटी पाडून नवीन बांधायचं ठरलं. सगळ्यांनी सह्या केल्या, काकांनीही केली. दिवाळीनंतर बिऱ्हाडं हलली. कोणी कल्याणला, कोणी बदलापूरला. मी माजिवड्याला अकराव्या मजल्यावर भाड्याने. तळमजल्यावरचे केळुसकरकाका तेवढे हलले नाहीत. ना भांडण, ना जादा मागणी. किल्ली मागितली की शांतपणे म्हणायचे, "नंतर ये, सेक्रेटरी."

बिल्डरचा जेसीबी फाटकाबाहेर येऊन उभा होता. त्याच्यावर वेल चढायला लागली होती. भाड्याच्या घरांतून तीसच्या तीस बिऱ्हाडं मला फोन करत होती. माझी स्वतःची बायको जेवायला वाढताना "तुमचे ते सेक्रेटरी काय करतात हो?" असं मलाच विचारायला लागली. म्हणून मी एका संध्याकाळी काकांचे पाय धरले. खरोखर धरले.

"काका, काहीतरी सांगा. अडचण काय आहे?"

"घरात नको हा विषय," काका आत नजर टाकून कुजबुजले. घरात दुसरं कोणी नव्हतं. कुसुमकाकी जाऊन बरीच वर्षं झाली होती. "रविवारी गडावर चल. तिथे बोलू."

तेव्हापासून त्या हिवाळ्यातला प्रत्येक रविवार मी एकेका गडावर उधळला. प्रत्येक माथ्यावर किल्लीचा विषय काढायचो आणि प्रत्येक माथ्यावर काका म्हणायचे, "नंतर." माझे दोन पट्टे सैल झाले. बिल्डरला वाटायला लागलं की मी काकांच्या बाजूने फुटलोय. गुडघ्यांना तर वाटायला लागलं की मी मेलोय.

मग आला सिद्धगड. मुरबाडच्या पलीकडचं दाट रान. वाटेत झाडीत एक जुना दरवाजा लागतो. त्या दिवशी काका मागे एका गुराख्याशी त्याच्या पाड्यातल्या लाइटच्या खांबाबद्दल बोलत राहिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी पुढे पोचलो. रीतीने दारातून गेलो. बूटसुद्धा काढले. कोणी बघत नसताना काढले, याची नोंद घ्यावी. आत सावलीला गार दगडावर पसरलो. एवढ्यात बाहेरून हाक आली.

"आहे का कोणी घरात?"

मी होतो मजेत. छाती भरून, किल्लेदाराच्या आवाजात ओरडलो, "आहे! या, या! चहा टाकतो!"

कोणी आत येईना. मी उठून बाहेर डोकावलो. काका उंबरठ्यावर बसले होते. एक बूट पायात, एक हातात.

"काय हो काका? दम लागला?"

"उत्तर आलं रे."

"मीच दिलं."

"कळलं ते. रेड्यासारखा आवाज आहे तुझा." काकांनी हातातला बूट उलटा करून उगाच झटकला. "कुसुम असं नव्हती म्हणायची."

मी शेजारी बसलो. उंबरठा अरुंद होता, मी रुंद. पण बसलो.

"दिवसभर दारोदार एकच ऐकायचो मी," काका म्हणाले. "कोणी नाही, नंतर या. दुपारची झोपमोड नको म्हणून बायका आतूनच ओरडायच्या. स्वतः आत असून कोणी नाही म्हणायच्या! एकदा वैतागून घरी सांगितलं. झालं, दुसऱ्या दिवसापासून हिने तेच धरलं. संध्याकाळी मी दारात यायचो. किल्ली खिशात असायची, पण लावायची नाही. हाक मारायची, 'आहे का कोणी घरात?' की आतून ही, 'कोणी नाही. नंतर या.' हसायची नाही हां. अगदी कोरड्या, त्रासलेल्या आवाजात. आणि मग दार उघडायची."

"रोज?"

"भांडण झालं असलं तरी. तेव्हा तर जास्तच कोरडं."

"आणि आता?"

"आता काय. मी मारतो हाक. मीटर बंद पडला तरी शेवटचा आकडा राहतोच ना त्यावर." त्यांनी बूट चढवला, मग आपण कुठे आहोत ते आठवून परत काढला. "घरात उत्तर येईना, म्हणून गडांवर यायला लागलो. इथेही येत नाही. पण इथे कोणालाच येत नाही. बरं वाटतं."

त्या दिवशी मी किल्लीचा विषय काढला नाही. यावर माझ्या बायकोने आजतागायत विश्वास ठेवलेला नाही.

मुरबाडला एसटीची वाट बघत चहा घेत होतो. काकांनी खिशातून किल्ली काढून माझ्या बशीत ठेवली. चहा होता बशीत. किल्ली बुडाली.

"घे."

"काका, घाई नाहीये..."

"नाही कशी? तीस बिऱ्हाडं माझ्या दारात उभी आहेत आणि मी आपला प्रत्येकाला नंतर या, नंतर या करतोय. मी किती उभा राहिलोय दारात, मला नाही कळत?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "एकच कर. पाडून झाली की मला बघायला ने. जवळचा गड आहे, तुझे गुडघे टिकतील."

काका कल्याणला भाचीकडे राहायला गेले. नवदीप सोसायटी पडली. कशी पडली म्हणाल तर जेसीबीने नुसतं खाकरलं आणि वरचे दोन मजले आपणहून खाली बसले. ढिगारा बराचसा उचलल्यावर एका रविवारी मी काकांना घेऊन गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला होता त्यांनी. हातात बिस्किटांचा पुडा.

कंपाउंडची भिंत चारी बाजूंनी फुटली होती. कुठूनही आत जाता आलं असतं. पण मी भिंतीच्या कडेकडेने वळसा घालून, जिथे आमचं फाटक असायचं, बरोबर तिथूनच शिरलो. काकांनी माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला.

तळमजल्याचं जोतं शिल्लक होतं. विटांचा चुरा, वाकड्या सळया आणि त्यात काकांच्या घराचा कडाप्प्याचा उंबरठा, एका कोपऱ्याला टवका उडालेला, तेवढा जागेवर. पलीकडे चौकोनी मोकळी जागा. काकांनी चपला काढल्या, जोडीने लावल्या. मीही काढल्या. सळया टोचत होत्या, पण काढल्या. काकांनी घसा खाकरला.

"आहे का कोणी घरात?"

आणि थांबले. हात पुसत बाहेर यायला जेवढा वेळ लागेल तेवढे.

पत्र्याच्या शेडमधून, मोबाइलवरची नजरसुद्धा वर न करता, बिल्डरचा वॉचमन त्रासलेल्या आवाजात म्हणाला, "कोणी नाही. नंतर या."