मधल्या मुलखाने दोघांसही होय म्हटले त्याची हकीकत

श्री. करविता जो तो सर्व जाणतोच, परंतु त्यास कोणी पुसत नाही, म्हणोन कागदी लिहून ठेवितो. शके सतराशें तीन, प्लवनाम संवत्सर, वैशाखमासी जे वर्तले ते ऐसे. उत्तरेस एक थोर राज्य आणि दक्षिणेस दुसरे थोर राज्य, आणि मध्ये एक डोंगराळ मुलूख, आणि तो आपलाच म्हणोन दोहींनी पिढ्यानपिढ्या झुंजी केल्या, आणि मग शिपाई सरत आले तेव्हां दोहीं हुजुरांस सुचले जे, तेथील रयतेसच पुसावे की तुम्ही कोणाचे. ऐसे पूर्वी कोणास सुचले नव्हते, सबब दोहीं दरबारी बहुत कौतुक जाहाले.

मग उत्तरेचे वकील नारो अनंत मौजे खडकवेळ येथे भिकोजी पाटलांचे घरी उतरले. या मुलखाची चाल ऐशी की, आपल्या घरचे ताट ज्याने घेतले त्यास, ते अन्न जिरेतोवर, तोंडावर नाही म्हणू नये. नारोपंत पिठले-भाकरी जेवले आणि हात धुवोन पुसते जाहाले, "पाटील, तुम्ही आमचेच ना?" पाटील म्हणाले, "होय जी." मग पंत घरोघर जेवत हिंडले आणि घरोघर होय ऐकोन ढेकर देत स्वार जाहाले. मग दक्षिणेचे वकील सदो केशव आले, आणि तेही जेवले, आणि त्यांसही होय मिळाले. दोहीं दरबारी नौबती झडल्या, आणि मग एकाची नौबत दुसऱ्यास ऐकू गेली, आणि दोन्ही फौजा तोफांसुद्धा खडकवेळच्या माळावर समोरासमोर येवोन ठाकल्या.

तेव्हां पाटलांचे चित्त ठिकाणी राहीना. बसत आणि लागलेच उठत. लेक सगुणा माळापलीकडे दिलेली, आणि तिच्या परसातच दक्षिणेचा तोफखाना. पाटलीण गोजराबाई म्हणाली, "अहो, बसा की. अंगणाला वाट पडली तुमच्या चालण्यानं."

"बसू कुठं? माळ पेटला म्हणजे आधी आपली सगुणा भाजेल."

"मग सांगून टाका त्यांना खरं काय ते."

"जेवलेत ना ते आपल्याकडं."

"ते कधीच जिरलं असेल. बोलवा दोघांना, आणि उपाशीपोटी पुसू द्या. मी चूल पेटवत नाही, गावात कुणाला पेटवू देत नाही. पापाची धनी मी."

मग पाटलांनी दोहीं वकिलांस पारावर बोलाविले आणि पाण्याचा तांब्याही पुढे केला नाही. सूर्य माथ्यावर आला. नारोपंत हळूच म्हणाले, "सदोपंत, कोठे धूर दिसतो काय?" सदोपंत म्हणाले, "मीही तेच पाहतो आहे." मग निरुपाये दोघांनी पुसले, "तुम्ही आमचे, की यांचे?" मग पाटील जन्मात प्रथमच पाहुण्यांसमोर बोलिले, "नाही जी."

"कोणास नाही?"

"दोघांसही. आम्ही आमचे."

मागे उभा सारा गाव तेच बोलिला. ठकूआत्या म्हातारी म्हणाली, "आधीच उपाशी आला असतात तर आमच्या भाकऱ्या वाचल्या असत्या की, बाबा."

मग वकील बाजूस जावोन कुजबुजले, आणि जी राज्ये कधी कशास राजी न जाहाली ती तत्काळ एकमत जाहाली, ते ऐसे की, रयतेस प्रश्नच समजला नाही. सबब तोफा माघारी न्याव्या, आणि रयतेस समज येईतो दोहींकडील शिपाई घरोघर ठेवावे, रयतेने त्यांस जेवू घालावे, आणि मग पुन्हा पुसावे.

तोफा वळल्या, सगुणा वाचली, आणि पाटलांनी श्वास सोडला न सोडला तोच दारी दोन शिपाई उभे, एक इकडला, एक तिकडला. "आई, वाढा काहीतरी." पोरे दमलेली. गोजराबाईने ताट उचलले.

पाटील उंबऱ्यात आडवे आले. "ताट आत ठेव." मग स्वहस्ते पीठ, डाळ, मीठ, दोन लाकडे आणोन अंगणात मांडिली. "हा शिधा. चूल इथं मांडा, तुमचं तुम्ही रांधा."

एक शिपाई म्हणाला, "पाटील, आम्ही काय परके?"

"ते ठरायचं आहे अजून."

मग गावाने तेच केले, आणि अंगणोअंगणी धूर जाहाला, आणि भाकऱ्या करपल्या.

एवंच, मुलूख कोणाचा हा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे. शिपाई आहेत, शिधा पावतो, ताट कोणी वाढीत नाही, आणि पुन्हा पुसतील त्या दिवशी नाही म्हणावयास गाव मोकळा आहे. वर्तले तितके लिहिले.