दहापैकी नऊ

बटाटे उकडायला ठेवले होते आणि करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी नवऱ्याचं पुस्तक उघडलं. एवढंच झालं. बटाटे जरा लवकर शिजले असते, तर आज आमच्या गल्लीतली माणसं एकमेकांच्या डोळ्याला डोळा देऊ शकली असती.

माझा नवरा वेसल हा नगरपालिकेत, माणसांच्या सवयी सुधारण्याच्या खात्यात आहे. (असं खातं असतं. लग्न ठरेपर्यंत मलाही खरं वाटलं नव्हतं.) लोकांवर ओरडायचं नाही, दंड करायचा नाही; नुसतं हळूच कोपराने ढोसायचं, की ते आपणहून शहाण्यासारखे वागतात, असं हे शास्त्र. बाजारात कचरापेटीकडे जाणारी हिरवी पावलं रस्त्यावर रंगवली, ती वेसलनेच. लोक त्या पावलांवरून मोठ्या हौसेने चालत पेटीपर्यंत जातात, आणि हातातला कागद हातातच ठेवून परत फिरतात. घरी त्याचे स्वतःचे मोजे धुण्याच्या टोपलीच्या नेमके एक फूट अलीकडे पडतात. तिथेही पावलं रंगवूया का, असं मी एकदा विचारलं.

आम्हाला घर मिळेपर्यंत (म्हणजे, आमच्याकडची घरांची यादी ज्या वेगाने सरकते तो पाहता, म्हातारपणापर्यंत) आम्ही सासऱ्यांच्या पोटमाळ्यावर राहतो. सासरे हार्मेन, वय त्र्याहत्तर. कालव्यावरच्या उघडझाप होणाऱ्या पुलावर त्यांनी चाळीस वर्षं नोकरी केली. बाबांनी कळ दाबली की अख्खं गाव तांबड्या दिव्यापाशी ताटकळत उभं, आणि बाबा वर काचेच्या खोलीत कॉफी पीत बसलेले. इतकी वर्षं अशी काढल्यावर, नियम हे खालच्या लोकांसाठी असतात असं एखाद्याला वाटायला लागलं तर त्याचा काय दोष?

गेल्या पानगळीत बंधाऱ्याच्या उतारावर, वळणावरच्या मोठ्या झाडाखाली, ओल्या पानांवरून त्यांची सायकल घसरली. डोक्याला सात टाके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी टाक्यांवर भागणार नाही." आठव्या दिवशी बाबा पुन्हा सायकलवर, उघड्या डोक्याने. तेव्हापासून रुग्णवाहिकेचा आवाज आला की माझ्या सासूबाई, हेन्नी, हातात असेल ती वस्तू घेऊन खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. एकदा तो अख्खा फ्लॉवर होता.

"मारिट, तू सांगून बघ," त्या मला म्हणाल्या. "तू नवी आहेस. तुझ्यावर ओरडायला त्यांना जड जाईल."

मी मुळात फार बोलत नाही. (लग्नात मी 'हो' म्हटलं तेसुद्धा दुसऱ्यांदा विचारल्यावर लोकांना ऐकू गेलं.) तरी धीर केला. "बाबा, हेल्मेट घालत जा ना."

"हेल्मेट कोण घालतं, ठाऊक आहे का तुला?" बाबांनी बोटं मोजली. "लहान मुलं, शर्यतवाले आणि जर्मन. यातला मी कोण दिसतो?"

सांगून काही होणार नव्हतं. म्हणून तर पुस्तक.

पहिलं प्रकरण सांगत होतं: चांगली गोष्ट डोळ्यांसमोर, हाताशी ठेवा. मी छानसं पांढरं हेल्मेट आणून दाराशी, किल्ल्यांच्या शेजारी उलटं ठेवलं. तिसऱ्या दिवशी बघते तर त्यात कांदे.

"टोपली झकास आणलीस गं," बाबा म्हणाले. "भोकं आहेत ना, कांद्यांना हवा लागते."

दुसरं प्रकरण म्हणत होतं: माणूस, बाकी सगळे करतात असं त्याला वाटतं तेच करतो. हे मला एकदम पटलं. मी तिसरं प्रकरण उघडणार, तेवढ्यात बटाट्यांचं पाणी शेगडीवर उतू गेलं. मी पुस्तक मिटलं. (हे लक्षात असू द्या.)

दुसऱ्या दिवशी मी एक सुबक कार्ड छापलं: 'आपल्या गल्लीतले दहापैकी नऊ जण सायकलवर हेल्मेट घालतात. धन्यवाद!' खरा आकडा शून्य होता. पण शून्याने कुणाला कधी उत्साह आलाय?

कार्ड खरं तर एकट्या बाबांसाठी होतं. पण बाबा आणि शेजारच्या बेपकाकू कुंपणावरून एकमेकांना जाहिरातीसुद्धा वाचून दाखवतात. एकाच घरात कार्ड गेलं तर बिंग फुटलं असतं. तेव्हा मी सकाळी फिरायला जाते असं सांगून बावीसच्या बावीस घरांच्या पत्रपेट्यांत एकेक कार्ड सरकवून आले.

आमच्या गल्लीत खिडक्यांना पडदे लावत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं मला नीट दिसलं. त्या दिवशी बावीस घरांतली माणसं काचेमागे बसून रस्त्याकडे टक लावून बघत होती. प्रत्येकाला एकच धास्ती: तो उरलेला दहावा आपणच! विचारणार तरी कुणाला? विचारलं म्हणजे कबूल केलं. सोमवारी दोन हेल्मेटं दिसली, बुधवारी अकरा, आणि शुक्रवारी तर पावसानंतर अळंबी उगवावी तशी गल्ली फुलली. बेपकाकू कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायलासुद्धा हेल्मेट घालून आल्या.

"काकू, डब्यालाही?"

"मी तर कायमच घालते," काकू हनुवटीखालचा पट्टा आवळत म्हणाल्या. "तुझं लक्ष नसेल!"

गल्लीत आता एकच डोकं उघडं राहिलं होतं. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, नेमकं ते.

बाबांनी कार्ड पहिल्याच दिवशी नाश्त्याला वाचलं होतं. पावावर चॉकलेटचे दाणे पेरता पेरता त्यांचा हात थांबला आणि चेहरा असा उजळला, की मला वाटलं, जिंकले मी!

"दहापैकी नऊ! हेन्नी, ऐकलंस? म्हणजे दहावा मी!"

त्यांनी कार्ड दर्शनी काचेवर चिकटवलं आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'दहावा इथे राहतो.' लोक थांबून बघू लागले. कुणीतरी हात हलवला. बाबांनीही हलवला, पुलावरून हलवायचे तसा.

पुढच्या आठवड्यात त्यांचे मित्र लुबर्ट तणतणत आले. "हार्मेन, हे काही बरोबर नाही. गल्लीत सायकलवाले एकेचाळीस. दहात एक, म्हणजे उघड्या डोक्याच्या जागा चार होतात! चारही तूच बळकावून बसलास?"

आमच्याकडे चार माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की ती लगेच संघटना काढतात. दहाव्यांची संघटना आमच्याच बैठकीत स्थापन झाली: अध्यक्ष बाबा, चिटणीस लुबर्ट, माणशी एक कॉफी, माणशी एक बिस्कीट आणि लगेच डब्याचं झाकण बंद. नियम पहिला: हेल्मेट कदापि नाही. इच्छुकांसाठी प्रतीक्षायादी. आणि पहिला उपक्रम: शनिवारी, अध्यक्षांच्या वाढदिवसाला, बंधाऱ्याच्या उतारावरून सायकलफेरी.

"पुन्हा पानगळ लागलीय. त्या झाडाखालून?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याच झाडाखालून. नाहीतर लोक म्हणतील, घाबरला."

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "आधी एकच डोकं उघडं होतं, मारिट. आता चार झालीत. तीही नियमाने!"

त्याच संध्याकाळी वेसल धावत जिना चढून आला. "मारिट, आपल्या गल्लीत हेल्मेटं! अख्ख्या प्रांतात असं कुठे नाही! मंगळवारी साहेब मोजायला येतायत. हे केलं कुणी? कार्डावरचा आकडा मात्र साफ खोटा वाटतो."

"खोटा असला तर?" मी बटाटे सोलत विचारलं.

"उघडकीला आला की सगळं उलटं फिरतं. तिसऱ्या प्रकरणात आहे. आणि ज्यांना वेगळं राहायची हौस असते त्यांना असा आकडा सांगायचाच नसतो. तेही तिसऱ्याच प्रकरणात आहे."

मी तो बटाटा इतका सोलला, की शेवटी हातात सोलण्यासारखं काही उरलं नाही.

शनिवारी बैठकीत खुर्च्यांचं गोल कडं. आलेला प्रत्येक जण कड्यातल्या प्रत्येकाचा हात हातात घेत होता. (आमच्याकडे वाढदिवस एकाचा, पण अभिनंदन सगळ्यांचं.) "हार्मेनच्या वाढदिवसाबद्दल तुझं अभिनंदन, सूनबाई!" "तुमचंही, काकू!" बाहेर दाराशी हेल्मेटांचा ढीग. केक संपला, बाहेर पाऊस थांबला आणि बाबा उठले. त्यांच्या मागोमाग उरलेले तीन दहावे उठले. सासूबाई केकची सुरी घट्ट धरून माझ्याकडे बघत होत्या.

"थांबा," मी म्हणाले. कुणालाही ऐकू गेलं नाही.

"थांबा!" (दुसऱ्यांदा म्हटलं की ऐकू जातं, हा अनुभव होताच.) "दहापैकी नऊ नाही, बाबा. दहापैकी शून्य. ते कार्ड मी छापलं. इथे कुणीच हेल्मेट घालत नव्हतं."

कुणाचा तरी काटा बशीवर पडला. वेसलच्या तोंडापाशी नेलेला केक तिथेच थांबला.

"म्हणजे तुम्ही कुणीच नाही?" बेपकाकू किंचाळल्या.

"तूच तर म्हणालीस, कायमच घालते म्हणून!"

"तुम्ही घालत होतात म्हणून मी म्हटलं!"

"आम्ही तुला बघून घेतलं!"

पाच मिनिटांत दाराशी असलेला ढीग नाहीसा झाला. लोक हेल्मेटं डोक्यावर नव्हे, हातात लोंबकळवत ताठ मानेने बाहेर पडले, आणि भांडण रस्त्यावर चालू राहिलं.

बाबा मात्र पुन्हा खुर्चीत बसले होते. "शून्य?"

"शून्य."

"म्हणजे आजवर मी..."

"सगळ्यांसारखेच होतात, बाबा."

एवढं कठोर मी आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. बाबांनी काचेबाहेर पाहिलं. गल्लीभर उघडी डोकी. ते उठले, सरळ दाराशी गेले, पांढऱ्या हेल्मेटातले कांदे घडाघडा जमिनीवर ओतले आणि ते डोक्यावर चढवलं. कानाशी कांद्याचं एक साल लटकत होतं.

"अध्यक्ष! नियम पहिला!" लुबर्ट ओरडले.

"संघटना बरखास्त!" बाबा सायकलवर बसले. "आता गल्लीत घालणारा एकच. तो मी."

आणि सुटले. आम्ही सगळे मागे पळालो, सासूबाई सुरीसकट. तोच उतार, तेच वळण, तेच झाड, तीच ओली पानं. धप्प! सासूबाई जागच्या जागी खिळल्या. पानांच्या ढिगात बाबा उठून बसले, हेल्मेट काढलं आणि चहूबाजूंनी निरखून पाहिलं. कपाळापासून मागेपर्यंत उभी चीर. आतलं डोकं शाबूत.

"हेन्नी," ते म्हणाले, "कांद्यांना आता दुसरी टोपली बघ."

सासूबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली. (सुरी वेसलने वेळीच काढून घेतली.) बाबांनी सोमवारीच नवीन हेल्मेट आणलं, झगझगीत नारिंगी. मंगळवारी वेसलच्या साहेबांनी मोजलं: एकेचाळीसपैकी एक. त्यांनी वेसलला ते तिसरं प्रकरण पुन्हा वाचायला सांगितलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण गुरुवारी माझ्या सायकलच्या सीटवर एक कार्ड होतं: 'या घरातले चारपैकी तीन जण हेल्मेट घालतात. धन्यवाद!'

युक्ती माझीच होती. ठसठशीत अक्षरही ओळखीचं होतं. तरी माझे कान तापले. वेसलसुद्धा? सासूबाईसुद्धा? आणि मला कुणी सांगितलं नाही? मी तशीच दुकानात गेले. माझ्याच कार्डामुळे दुकानात फक्त लहान मुलांचं एक हेल्मेट शिल्लक होतं: लाल, त्यावर काळे ठिपके आणि वर किड्याची दोन शिंगं. ते घालून घरी आले. वेसल आणि सासूबाई टेबलाशी सूप पीत होते. ते वर बघतच राहिले.

"हे काय गं?" वेसलने विचारलं.

"तुम्ही दोघं... घालता ना?"

"कोण? आम्ही?"

पलीकडे बसलेल्या बाबांनी वेसलचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. दुसऱ्या प्रकरणावर माझा बटाट्याच्या पाण्याचा डाग होता. नवव्या प्रकरणात, खूण म्हणून, कांद्याचं साल ठेवलं होतं.

मी कचऱ्याचा डबा उचलून बाहेर पडले. कुंपणाशी बेपकाकू उभ्या होत्या, उघड्या डोक्याने. त्यांनी माझी शिंगं नीट न्याहाळली. "अगं बाई, डब्यालाही?"

"मी तर कायमच घालते," मी म्हणाले. "तुमचं लक्ष नसेल."