सीतारामबापूंचं पोवळ्याचं गाव

तंबाखूला चुना न लावणारा माणूस आमच्या पिंपळगाव राजात एकच होता, सीतारामबापू. कोणी डबी पुढे केली की ते हात मागे घेत. "कोणाचं घर कुटलं असंन, काय माहीत."

चुना म्हणजे समुद्रातल्या बारक्या जिवांची घरं, हे त्यांचं ठाम मत. बरीच वर्षं बोटीच्या भट्टीत कोळसा लोटून ते एकटेच गावी परतले होते. तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो होतो. आमच्यातल्या बहुतेकांनी सगळ्यात मोठं पाणी पाहिलं ते विहिरीतलं. बापूंची बोट मात्र एकदा कोचीनच्या पलीकडच्या बेटाजवळ बिघडून महिनाभर अडकली होती. तिथं त्यांनी समुद्रातली प्रवाळाची, म्हणजे पोवळ्याची, लांबच लांब भिंत पाहिली, आणि त्या एका महिन्यावर ते उरलेलं आयुष्य काढत होते.

विषय कुठलाही निघो, बापूंचं ठरलेलं. "हे काहीच नाही बाप्पा. पोवळ्याच्या गावात पाहा."

एकदा मी दाढीला बसलो होतो. वस्तरा गळ्यावर आला आणि बापू सुरू झाले, "तिथं बी न्हावी असते. बोटाएवढा मासा. हे एवढाले मासे त्याच्यापुढं तोंड वासून नंबर लावते. तो आत शिरून दात साफ करून येते, पण कोणी त्याले गिळत नाही."

आमचा न्हावी ऐकायला थांबला. वस्तरा होता तिथंच होता. मी आवंढासुद्धा गिळला नाही.

नाल्याकाठच्या शेताला त्यांनी बांध घातला तोही मोकळ्या दगडांचा, फटी ठेवून. लोक हसले. बापू म्हणाले, "लाटेले अडवाचं नसते, थकवाचं असते. पोवळं तेच करते, म्हणून तं बेटावरचे लोक टिकून हायेत. त्यायची मासोळी बी तिथंच पोसते." पुढच्या पुरात सगळ्यांचे बांध वाहून गेले, बापूंचा राहिला. मग हसणं जरा कमी झालं.

त्या बेटावरून त्यांनी टोपलीएवढं पांढरं पोवळं आणलं होतं. ते अंगणात निंबाखाली ठेवलं, आणि तिथंच घोळ झाला. देवीचे वण असावेत तसा भोकाभोकांचा दगड, तोही निंबाखाली. आमच्या बायकांना आणखी काय सांगावं लागतं? एका मंगळवारी त्याला शेंदूर लागला, पुढे दहीभात आला.

बापू भडकले. "अवो, हे देवी नाही. चाळ हाये. जितके भोकं तितके बिऱ्हाडं." बायका हात जोडून सगळं ऐकून घेत आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येत. बुधवारी बापू नारळाचा काथ्या घेऊन शेंदूर घासत बसत. दोन वर्षं हेच चाललं.

मग माझ्या लहान मुलीला गोवर निघाला. डॉक्टरचं औषध चालू होतं, पण ताप उतरेना. मी फार घाबरलो होतो. मंगळवारी बायको शेंदराची वाटी घेऊन निघाली, आणि शाळेत विज्ञान शिकवणारा मी खाली मान घालून तिच्या मागे.

बापूंनी वाटी पाहिली. "पोरगी कशी हाये?"

"डोळे उघडत नाही, बापू," मी म्हणालो.

बापू आत गेले. घोंगडी आणून अंथरली. "बस बाई. निवांत कर तुह्यं." आणि बायकोची पूजा होईपर्यंत आमच्याकडे पाठ करून बसले.

पुढे रोज ते आमच्याकडे येऊन मुलीच्या उशाशी रंगीत माशांच्या गोष्टी सांगत. पाचव्या दिवशी ताप उतरला. औषधानेच उतरला, असं मी आजही म्हणतो.

त्यानंतर मी काथ्या घेऊन बापूंच्या अंगणात गेलो. म्हटलं, निदान आपला शेंदूर आपण धुवावा. बापूंनी माझा हात धरला.

"राहू द्या, मास्तर."

"पण तुमचं पोवळं?"

"त्यातले जीव कवाचेच गेले. रिकामंच घर हाये ते." त्यांनी काथ्या माझ्या हातातून काढून घेतला. "मंगळवारचं कोणी येऊन राह्यलं, तं येऊ द्या."

त्यांच्यामागे दार उघडं होतं. आत एक बाज, एक ताट, एक तांब्या. इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो, याची मला लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी आम्ही तिघं गेलो. नवस बोललेला नव्हता. बापूंनी अंगणात सडा टाकून घोंगडी आधीच अंथरून ठेवली होती.